एकट्या इंजिनाची राहिलेली चाचणी

मी, वय ३४, धंदा नोकरी, सिग्नल खात्यात सहायक अभियंता, राहणार रेल्वे वसाहत, इमारत क्रमांक ४, दुसरा मजला. आज पोलीस ठाण्यात स्वतःहून समक्ष हजर राहून सांगतो की,

रुळांवर काम करणाऱ्या टोळीला येणाऱ्या गाडीची सूचना आधी मिळावी म्हणून सेन्सर निवडण्याचं काम माझ्याकडे होतं. दोन नमुने आले होते. एक रुळाला बोल्टने बसवायचा, चाकं मोजणारा. दुसरा नुसता चिकटवायचा, रुळाची थरथर ओळखून भोंगा वाजवणारा. पहिल्यासाठी रुळाला भोक पाडायची परवानगी लागते, त्यात महिना जातो. मी दुसरा निवडला.

चाचणीच्या दिवशी टोळीने घण मारला की भोंगा कोकलायचा. मुकादम म्हणाला, "साहेब, हा घणालाच गाडी समजतोय." सगळे हसले. मला ते झोंबलं. मी बटण फिरवून यंत्र जरा बहिरं केलं. मग भरलेली मालगाडी सोडली, तेव्हा भोंगा बरोबर वाजला. मी सही केली.

वळणावर उभं राहून, गाडी दिसली की टोळीला इशारा देणारे झेंडेवाले माझे सख्खे मामा आहेत. त्यांच्याच घरी राहून मी शिकलो. ते म्हणाले, "अरे, एकटं इंजिन सोडून बघ. त्याची फार थरथर होत नाही." मी चारचौघांत म्हणालो, "मामा, तुम्ही झेंडा सांभाळा." आता भोंगा आहे, वळणावर उभं राहू नये, टोळीजवळच थांबावं, असा लेखी आदेश त्यांना मीच दिला.

मंगळवारी सकाळी ११.२० वाजता वळणावरून एकटं इंजिन आलं. भोंगा वाजला नाही. दिसताक्षणी मामांनी शिट्टी मारली. चौघे बाजूला झाले. पाचव्याचा पाय गेला.

बुधवारच्या जबाबात मी सांगितलं की भोंगा ठीक होता, झेंडेवाल्याचं लक्ष नव्हतं. ते खोटं आहे. त्यावरून मामांना निलंबित केलं. काल मामी घरी आली. तिने एवढंच विचारलं, "तुझी नोकरी तर जाणार नाही ना रे?"

आज मामांनाही चौकशीला बोलावलं आहे. ते बाहेर बाकावर बसले आहेत. त्यांना समोरासमोर हे सांगायची माझी छाती झाली नाही. म्हणून जबाब दार उघडं ठेवून, मोठ्याने वाचावा, अशी विनंती मी हवालदारांना केली. त्यांनी तसा वाचला. मी दाराकडे पाहिलं नाही. माझ्या सांगण्याप्रमाणे सगळं बरोबर आहे.