सोसायटी वाचवायची का

माझं नाव धाकलीबाय. जन्म खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातला, लगीन होऊन ह्या वाड्यात आले. बाप मासे मारायचा, सासराबी मासे मारायचा, म्हंजे बदललं काय, तर नुसता किनारा. माझ्या दादल्याचं नाव हिराजी. नाव घ्यायची रीत न्हाय आमच्यात, पन तुमी लिहून घेताय, तर मानूस कोन ते कळायला पायजे ना. उंच, बारीक, बोलायला कमी आन हट्टाला भारी.

स्वराज्य आलं, त्याच्या दोन-चार वर्सांनी वाड्यात मच्छीमार सोसायटी निघाली. त्याआधी सुकं म्हावरं सगळं दलालाच्या हातात, तो देईल तो भाव. सोसायटी झाली तसं बोंबील म्हना, जवळा म्हना, सगळं सोसायटीत द्यायचं, ती मुंबैला पाठवनार, आन आमी बायका मागं टाकायचो ते पैसंबी तितंच ठेवायचं. हे पंच झाले. मला वाटलं, आपलाच मानूस पंच, मग पैसं जातात कुठं. लुगड्याच्या गाठीतलं सोडून मी हौसेनं नेऊन दिलं, काय सांगू तुम्हाला, हौसेनं.

मग एका वर्साला मुंबैतला ज्यो मोठा व्यापारी आमचा माल घ्यायचा, त्याची पेढीच बुडाली. माल गेलेला, पैसं आलंच न्हाय. सोसायटीला कुलूप लागलं. बायका दारात बसून ऱ्हायल्या. माझी शेजारीन नागूबाय, नवरा दर्यात बुडून गेलेला, पोरीचं लगीन ठरलेलं, ती रडलीबी न्हाय, नुसती कुलपाकडं बघत बसली. ते मला अजून दिसतं.

मामलेदार आले, म्हनले सरकार पैसं भरून सोसायटी उभी करील असं चाललंय, पन तालुक्यातल्या लोकांचं म्हननं ऐकायचं हाय. म्हसळ्याला सभा भरली. आमी वाडाच्या वाडा होड्या घालून गेलो. तितं खाडीच्या वरच्या अंगाचा गनपत उठला, भातशेती करनारा कुनबी, भला मानूस. म्हनला, कोळ्यांवर माझा राग न्हाय, पन उधानानं आमचा बांध फुटला, खारं पानी भातात शिरलं, तवा आमच्यासाठी कोन आलं? आमी भरलेला सारा बुडत्या सोसायटीत का घालायचा? उद्या कोनबी धंदा बुडवील आन सरकारकडं बघत बसंल. लोक म्हनले, बरोबर हाय.

आन त्यावर कोन उठावं, तर आमचे हे. म्हनले, गनपतभाऊ खरं बोलतात. एकाच व्यापाऱ्यावर इस्वास टाकला तो आमी पंचांनी. आमच्या होड्या इका, सरकारचं नको.

होडी इकायची, मग खायचं काय? मी उठले, पदर सावरला आन म्हनले, पंचांच्या होड्या इकून नागूबायचं पैसं तरी निघनार का? माल कुनाला द्यायचा ते आमा बायकांना कुनी इचारलं न्हवतं. पंचांचं चुकलं तर पंचांना काढा, ह्यांनाबी काढा, पन आमाला बुडवू नका. सरकारनं फुकट देऊ नये, आमी फेडू. भर सभेत नवऱ्याच्या इरुद्ध बोलले मी. मागं कोनतरी हसलं. गनपत म्हनला, वैनी, तुमचं खरं असंल, पन माझ्या बांधाचं काय? मी खाली बसले.

परतताना होडीत हे माझ्याकडं पाठ करून वल्हं मारत व्हते. मला वाटलं, आता घरात दोन चुली. खाडीच्या तोंडाशी आलो तवा म्हनले, शेवटच्या मानसापतूर आवाज गेला तुझा. एवढंच. मी पदरात तोंड घालून हसले.

सरकारनं पैसं दिलं, फेडायच्या बोलीवर. पंच बदलले, हे आपनहून उतरले. नागूबायच्या पोरीचं लगीन झालं, त्यात हेच सगळ्यांत जास्त नाचले. पन बांधाला सरकारकडून काय मिळालं न्हाय. उन्हाळा लागला तसं हे वाड्यातल्या बाप्यांना म्हनले, होड्यांत दगूड भरा. मी इचारलं, कुठं चाललाव? तर म्हनले, गनपतच्या बांधापायी सभेत तुला खाली बसावं लागलं, ते मला टोचतंय. कोळी आन कुनबी गुडघाभर चिखलात उभं ऱ्हाऊन बांध घालत व्हते, आन आमी काठावर भाकऱ्या थापत व्हतो. गनपत ह्यांना म्हनला, तुमी तर माझ्या बाजूनं बोललाव, मग हे कशापायी? हे म्हनले, बायकोच्या बाजूनं आलोय.

आता सोसायटी चांगली चालते, सरकारचं फिटत आलंय. आमचं मात्र अजून ठरलेलं न्हाय. सांजचं ओट्यावर बसलो की हे म्हनतात, माझं चुकलं न्हवतं. मी म्हनते, माझंबी न्हवतं. मग हे म्हनतात, व्हय, तुझंबी न्हवतं, आन चा मागतात. तुमच्या घरातबी असंच जल्मभर भांडान ऱ्हावं, बाबा, मी तरी दुसरं काय देऊ.