वाघजळच्या पानावरची मनकर्णा

(नगर, १९९९चा मार्च. एका कॉम्प्युटर क्लासची दुपार. एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले रंभाजी खुर्चीच्या कडेवर टेकलेत. ईमेल आल्याचा निरोप मिळताच ते आलेत. समोर क्लासात शिकवणारी प्रज्ञा; तिनं त्यांच्या बुडालेल्या गावाचं इंटरनेटवर पान बनवलंय.)

रंभाजी : वाच की मग. पानी नंतर पितो.

प्रज्ञा : ईमेल इंग्रजीत आहे काका, मी मराठीत सांगते. आधी नीट बसा.

रंभाजी : कुनाचं हाय?

प्रज्ञा : महेंद्रचं. तुमच्या भाच्याचं.

रंभाजी : मनकर्णाचा महेंद्र? आगं, आमचं वाघजळ धरनात गेलं तवा सात वर्साचा हुता त्यो! माझ्या खांद्यावर बसून ट्रकपातुर आला. त्यो ट्रक गेला त्यो गेलाच. सत्तावीस वर्सं हुडकतोय मी. म्हनलं नव्हतं तुला, पान बघून कोन तरी बोलंल?

प्रज्ञा : म्हणाला होतात.

रंभाजी : आट म्हैने खपलीस तू. पयल्यांदा सगळ्या गावाची चारशे नावं येकाखाली येक हुती, वाचता वाचता डोळं दुखायचं.

प्रज्ञा : म्हणून तर जावास्क्रिप्ट घातली. गावावर क्लिक केलं की आळ्या उघडतात, आळीवर केलं की घरं, घरावर केलं की माणसं. परत केलं की मिटतात.

रंभाजी : व्हय, त्येच. तर आमच्या घरात मनकर्णा, तिचा नवरा, पोरगं, तिघांम्होरं ‘पत्ता नाही’ लिवलंय, ते काढ आता. कुठं ऱ्हात्यात ते घाल.

प्रज्ञा : महेंद्र सुरतला असतो. इंजिनियर आहे. काका... तुमची बहीण गेली. तीन वर्षं झाली. पाणी घ्या.

रंभाजी : कशानं गेली?

प्रज्ञा : ते लिहिलेलं नाही.

रंभाजी : धाकली हुती माझ्याहून. सात वर्सांनी धाकली. ...बरं. पोरगं तर हाय. काय म्हंतंय? येतो म्हंतंय?

प्रज्ञा : नाही. आईचं, वडिलांचं आणि त्याचं, अशी तिन्ही नावं पानावरून काढा म्हणतोय.

रंभाजी : का? चुकली का लिवताना?

प्रज्ञा : बरोबर आहेत. म्हणूनच. घराच्या वर आपण ‘बौद्धवस्ती’ लिहिलंय ना. त्यानं आडनाव बदललंय. बायकोच्या माहेरी ठाऊक नाही, ऑफिसात ठाऊक नाही. आता सगळ्यांच्या टेबलावर इंटरनेट येतंय, उद्या कुणी गावाचं नाव शोधलं तर, असं लिहिलंय.

रंभाजी : मामा कसा हाय, इचारलंय का?

प्रज्ञा : वर नुसतं ‘पान बनवणाऱ्यास’ लिहिलंय.

रंभाजी : माझं नाव बघितलं नसंल त्येनं.

प्रज्ञा : त्याच्या आईच्या नावाच्या वरच आहे, काका. मी नाही काढणार. मी कुठं लपवलं माझं आडनाव?

रंभाजी : तुला नगरात कोन कायबी बोललं न्हाई?

प्रज्ञा : बोलले की. खोली बघायला गेले तेव्हा तिघांनी आडनाव विचारलं आणि तिघांची खोली त्याच दिवशी भरली.

रंभाजी : मग त्येलाबी बोललं आसंल कोन तरी. लई लहानपनी. ...प्रज्ञा, मिटवून ठेवता येतं की न्हाई? आमचं घर उघडलंच न्हाई तर कुनाला दिसनार?

प्रज्ञा : मिटलं तरी नाव पानात असतंच. फक्त झाकलेलं. कुणीही उघडू शकतं. काढायचं तर पुसावंच लागेल.

रंभाजी : म्हंजे ती आमच्या घरात जलमलीच न्हाई.

प्रज्ञा : पानावर तसंच दिसेल. तुमचे आईवडील आणि तुम्ही एकटे.

रंभाजी : पूस.

प्रज्ञा : एकदा लिहून तर बघू त्याला. वस्ती न लिहिता नुसती नावं ठेवली तर...

रंभाजी : भ्यालाय गं त्यो. भ्यालेल्याशी काय घासाघीस करायची? पूस, पोरी.

प्रज्ञा : पुसली. थांबा, साइटवर चढवते. ...चढलं.

रंभाजी : आमचं घर उघड बरं.

प्रज्ञा : हे बघा.

रंभाजी : व्हय. न्हाई ऱ्हायलं.

प्रज्ञा : त्याला उत्तर काय लिहू?

रंभाजी : लिव, नावं काढली. निवांत ऱ्हावा.

प्रज्ञा : खाली तुमचं नाव घालू? ‘तुझा मामा’ असं?

रंभाजी : नगं. घरात कुनी वाचलं, तर मामा कोन त्ये सांगाय लागंल त्येला.