कंबर धरली आन् पाय धरले

—न्हाई न्हाई, पाव्हणं, मान हलवू नका! पट्टा हाय गळ्याला, नुसतं डोळ्यानं व्हय म्हणा, मला कळतंय. तुमची मान, माझी कंबर. म्हंजी म्हणायचं कंबर, पन दुखणं राहतंय कंबरेत आन् फिरतंय कुठं? पार पायाच्या करंगळीपातुर! कुल्ल्यातनं निघतंय, मांडीच्या मागनं, पोटरीतनं — जशी मोटरीची उघडी वायर पायात ओवलीया. दौंडचं डॉक्टर पयल्यांदा म्हणालं, पोपटराव, सायटिका हाय. तर आमच्या सोजराबाईनं — मालकीण माझी — त्यांनाच विचारलं, कुठल्या गावची? वर्षातनं दोनदा-तीनदा येती, सांगून येत न्हाई, आन् आली की पंधरा दिवस उठायचं नाव न्हाई. काय काय केलं न्हाई? तापली वीट झाली. कुशाबाईची लाथ झाली — हसू नका, मान धरल! कुशाबाई पायाळू हाय, जन्मताना आधी पाय आलं तिचं, आन् असल्या माणसानं कंबरेला पाय लावला की उसण जाती म्हणत्यात. लावायचा म्हंजी अल्लाद. पन तिनं काय घातली! कायतरी जुना राग असल. उसण हुती तिथंच राहिली, मीच उकिरड्यापातुर गेलो.

डॉक्टरनी बजावलं हुतं, मणक्यातली गादी सरकलीया, शीर दबतीया, वाकून वजन उचलायचं न्हाई. आन् मी काय केलं? एक दिवस सकाळी डेअरीवर वाकून दुधाचं कॅन उचललं. भरल्यालं. आन् लायनीत माझ्या म्होरं कोण? दत्ता. धाकटा भाऊ माझा. नऊ वरीस बोलणं न्हाई. का? तर त्याच्या मोनालीच्या लग्नाची पत्रिका! माझं नाव, सख्ख्या चुलत्याचं, कुठं छापलं? त्याच्या मेव्हण्याच्या खाली! मेव्हण्याच्या! मी गेलो न्हाई लग्नाला. व्हय, न्हाई गेलो — दार लावून घरात बसलो आन् दिवसभर वाजंत्री ऐकली. त्ये जाऊ द्या. तर कॅन उचललं आन् चमक निघाली — खाड्कन! वाकलो त्यो वाकलोच, वर येता येईना, तोल गेला, म्होरं गावलं त्ये धरलं. गावलं काय? दत्ताचं दोन पाय! सगळी डेअरी वळून बघाया लागली. थोरला भाऊ धाकट्याच्या पाया पडतोय! आन् माझ्या तोंडातनं निघालं, ‘चुकलं रं माझं, चुकलं!’ — म्हंजी वजन उचललं त्ये चुकलं, दुसरं काय? त्यो आपला, ‘दादा, आवं उठा, दादा’ करतोय, उठवलं की कळ, म्हणून मी वरडलो, ‘उठवू नगं, हितंच राहू दे मला!’ झालं. दत्तानं हंबरडाच फोडला. मी बी रडत हुतो — कळंनं. कळंनंच. सेक्रेटरीनं फोटू काढून गावाच्या ग्रुपवर टाकला, भाऊ भावाला भेटला म्हणून. सगळ्यांनी हात जोडलं. फोटूत माझं तोंड न्हाई दिसत, दुसरंच दिसतंय.

मग बाकड्यावर घालून मला त्याच्याच घरी नेलं, जवळ हाय म्हणून. नऊ वर्षांनी त्यो उंबरा वलांडला, त्यो बी आडवा! अनुपमानं, म्हंजी भावजयीनं, शिरा केला, चमच्यानं भरवला. आता तुम्हीच सांगा, त्या टायमाला म्हणायचं का, की बाई, मी माफी न्हाई मागितली, माझी गादी सरकली? कसं म्हणणार? तोंडात शिरा हुता.

तवापासनं त्योच मला हितं शिरूरला आणतो. दर सोमवार-गुरुवार. वडगाव रासाईवरनं गाडीत, पाठीला उशी लावून. वाटंत न्हावऱ्यात थांबायचं, मिसळ खायची. मोनालीचं पोरगं हाय, स्वराज, त्येचं व्हिडिओ दावतो. ‘थोरलं आजोबा’ म्हणाया शिकवलंय त्याला. मला म्हणतंय. कंबर? कंबर झाली की बरी. म्हंजी पुन्यांदा यायची कवातरी, तिचा काय भरवसा, पन आत्ता न्हाई. मागच्या महिन्यातच ह्या दवाखान्यातल्या, व्यायाम घेणाऱ्या प्रगती मॅडम म्हणाल्या, आबा, आता येऊ नका, व्यायाम घरी करा. मी म्हणलं, बघा की, करंगळीत वाईच मुंग्या हायेत अजून. कसल्या मुंग्या! करंगळी ठणठणीत हाय. पन बरा झालो म्हणलं तर त्यो म्हणल, बरं झालं दादा, आता तुमचं तुम्ही जात जा. मग? मग काय कारण काढून त्याच्या गाडीत बसायचं? ‘तुझ्यासंगं मिसळ खायचीया’ असं कोण म्हणतंय व्हय, ह्या वयात, सख्ख्या भावाला? आन् खरं सांगू का — आता बोललोच हाय — त्या दिवशी डेअरीत माझ्या उजव्या हाताला खांब हुता. चांगला लोखंडी. खांब धरता आला असता.

काय बघताय? — बघू नका तिकडं! त्योच, गाडी लावून आला. मान वळवू नका म्हणलं ना! गप बसा. त्यो समोरचा व्यायामाचा तक्ता वाचा, वाचा मनातल्या मनात — आई गंऽऽ! आई आई आई! दत्ता, आलास व्हय रं? हात दे जरा. हां. आज लईच हाय बाबा.