न हसणारी शिळा

मंडळी, ऐका! आपल्या माणसाला दुसऱ्यानं हसवलं, तर आपल्या पोटात का दुखतं? हसू तर आपल्याच घरात आलं ना!

सात महिन्यांपूर्वी, सोमवारी सकाळी, डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, "बुवा, बाई गेल्या." माझी वेणू. मी गावोगाव निरोप धाडले — एक नाव सोडून. ते का सोडलं, तेच आज सांगायचंय.

माझा पुतण्या कॉलेजात इंग्रजी शिकवतो. परवा म्हणाला, "काका, जो कधी हसतच नाही, त्याला इंग्रजीत शब्द आहे — अ‍ॅजेलास्ट." म्हटलं, "हा कुठून आणलास?" "ग्रीकांकडून! त्यांच्यात गेलान म्हणजे हसणं. आणि पुढचा 'अ' आपल्यासारखाच, नकाराचा!"

त्या ग्रीकांची एक देवी, डिमिटर. धान्याची देवी. तिची लेक पळवून पाताळात नेली! आई शोधून शोधून दमली, एका शिळेवर बसली. खाणं नाही, पिणं नाही. त्या शिळेचं नावच पडलं — न हसणारी शिळा! तिथून ती राजाच्या घरी गेली. तिथं होती इयांबे नावाची बाई. तिनं असे चावट विनोद केले — ते इथं सांगत नाही, पुढं आजीबाई बसल्यात! अहो आजी, न ऐकताच हसताय? — देवी हसली! मग घोटभर प्याली.

आता सांगा, त्या इयांबेला कुणी हाकललं? नाही! मी हाकललं!

भिवा माझा तबलजी. कीर्तनाचा पूर्वरंग संपला, की बुवांना बुक्का लावून हार घालायची रीत. मी मान वाकवून उभा. भिवा बायकांकडं बघून म्हणतो, "वहिनी, घरी पण इतकी वाकते का हो ही मान?" वेणू तोंडाला पदर लावून हसली. खांदे हलले तिचे! बावीस वर्षांच्या संसारात माझ्यापुढं अशी हसली नव्हती. उत्तररंगात मी भक्ती सांगत होतो — आणि लक्ष सगळं तिच्या पदराकडं!

परतताना म्हटलं, "भिवा, उद्यापासून येऊ नकोस."

"बुवा, माझं चुकलं काय?"

"ताल चुकतो."

वेणूनं विचारलं, "अहो, भावजी का येत नाहीत?" म्हटलं, "हात दुखतो त्याचा." नंतर कीर्तनाला यायची, बसायची. हसली नाही. शेवटच्या आजारात म्हणाली, "भावजींना बोलवा. काहीतरी वेडंवाकडं बोलतील." मी म्हणालो, "बघू." मनात काय आलं, ठाऊक आहे? हिला आता आठवतो कोण — तो!

मंडळी, देवी शिळेवरून उठली तरी. मी बायकोला तिथं बसवून ठेवलं.

तुमच्या घरात कुणामुळं कोण हसतं, ते आज जाऊन बघा. जाऊबाई असेल, शेजारी असेल. त्याच्या तोंडावर दार लावू नका. — तबलेवाले, खाली का बघताय? तुम्हाला नाही काढत!

भिवा पलीकडच्या गावात राहतो. तबला पोत्यात बांधून ठेवलाय म्हणे. त्याचा ताल कधी चुकला नव्हता. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.