मूळ धरेपर्यंत

एकोणनव्वद साल. कर्जतच्या एस.टी. स्टँडवर मोतीबाई खांडसच्या गाडीची वाट बघत बसली होती. शेजारी मुंबईच्या टेस्ट ट्यूब बेबीच्या दवाखान्यातून परतलेल्या सासू-सुना बोलत होत्या, आणि मोतीबाईचे कान काही बंद नव्हते.

"गाडी नको, शकू. आदळली तर आज ठेवलेला गर्भ सुटंल."

"नाय सुटत, आत्याबाई. नेहमीसारखं चाला-फिरा म्हणली डाक्टरीण."

"तिनं कधी लावणी केलीय? रोपानं मूळ धरेपर्यंत आपण खाचरात पाय घालतो का?"

"मागल्या खेपेला महिनाभर खाटंवर निजवलंत मला. तरी नाय राहिला."

"एकदा उठली होतीस तू."

"आपल्या कालवडीला दाव्याचा फास बसला होता, म्हणून उठले. तेच इचारलं मी डाक्टरणीला."

"काय म्हणली?"

"उठल्यानं नाय गेला म्हणली. दोन वर्षं मला तेच खात होतं."

गाडी लागली. सासूनं सुनेची पिशवी आपल्या खांद्याला अडकवली.

"चल. पुढच्या बाकड्यावर बस, तिथं कमी आदळतं."

"आता भ्या नाय वाटत तुमाला?"

"वाटतंय. पण तवा उठलीस ते बरं केलंस. ती कालवड गाभण हाय आता."