दुधात शुद्ध काय?

...मिश्रण म्हणे! अहो, तुम्हीच सांगा, नारायण पेठेत ज्या माणसाने उभ्या जन्मात दुधात थेंबभर पाणी घातलं नाही, त्याच्या दुधाला मिश्रण म्हणायचं? आमचे हे, श्यामसुंदरराव! डेअरीवर एवढी ठसठशीत पाटी, 'शुद्ध दूध', आणि आमची नात स्वराली विज्ञानाचा पेपर घेऊन आली, त्यात प्रश्न काय, तर 'शुद्ध पदार्थाचे उदाहरण द्या.' पोरीने लिहिलं, 'आमच्या आजोबांचे दूध.' त्यावर लाल फुली! शेजारी शेरा, 'दूध हे मिश्रण आहे.'

झालं! तुम्हाला सांगते, ह्यांनी चष्मा पुसून पुसून तो शेरा वाचला. 'मिश्रण? अगं, पेठेत कळलं तर डेअरीला टाळं लागेल!' मी म्हटलं, 'अहो, शाळेचा पेपर आहे, भेसळ तपासणाऱ्यांची धाड नाही.' पण ऐकतील तर ना! थेट पालकसभेत, हातात दुधाची बाटली, पुरावा म्हणून! आणि सभेला कोण? सगळी आमचीच गिऱ्हाईकं हो!

विज्ञानाच्या कादंबरी मॅडम, गोड मुलगी, समजावत होती बिचारी, 'काका, रसायनशास्त्रात शुद्ध म्हणजे एक तर मूलद्रव्य, सोन्यासारखं, नाहीतर संयुग, मिठासारखं. दुधात फॅट, प्रथिनं, साखर, पाणी असं सगळं एकत्र...'

'पाणी? माझ्या दुधात पाणी?'

'सगळ्यांच्याच दुधात, काका. म्हशीकडूनच येतं.'

मिश्रण म्हणे! लोक खुसुखुसु हसतायत, आणि ह्यांचा आवाज टिपेला, 'म्हणजे माझ्या दुधात शुद्ध असं काहीच नाही?'

मॅडम विचारात पडली... प्रामाणिक हो फार... म्हणाली, 'आहे ना, काका. पाणी.'

अगंबाई! मागून जयाबाई ताडकन म्हणाल्या, 'तरीच साय धरत नव्हती!'

एवढंसं तोंड करून आले घरी. मला रडूच आलं हो, खरंच. 'पाटी उतरवतो,' म्हणाले. मी म्हटलं, 'उतरवलीत तर चोरी कबूल केल्यासारखं होईल!' मग उठले, आणि ब्रश घेऊन पाटीखाली स्वतःच्या हाताने रंगवलं, 'रसायनशास्त्र वगळता.'

मिश्रण म्हणे! परवडलं होतं हो ते मिश्रण! आता गिऱ्हाईक येतं, पाटी वाचतं, पुढे केलेली किटली हळूच मागे घेतं आणि दबक्या आवाजात विचारतं, 'काका, रसायन नक्की कुठलं घालता?'