गालावरचा डाग

"ऐकतच नाही गं ताई, ती पोरगी!"

दातांच्या दवाखान्यात चित्रकलेच्या बाई थोरल्या बहिणीजवळ कुरकुरत होत्या. शेजारच्या खुर्चीतल्या एक आजी सुजल्या गालावर हात ठेवून ऐकत होत्या.

"काय केलं तिने?"

"जोड्या लावून एकमेकींचे चेहरे काढायला सांगितले. हिच्या गालावर भाजल्याचा डाग. मैत्रिणीने तोही काढला. मी खोडायला लावला."

"बरं केलंस."

"कसलं बरं! हिनेच पेन्सिल घेऊन पुन्हा काढला. म्हणते, 'बाई, हे राहिलं होतं.' उद्या प्रदर्शनाला तिची आई येणार, ते चित्र भिंतीवर लावू कसं?"

"चार टाचण्यांनी, आणखी कशाने!" आजी कडाडल्या. "पोर तोच गाल घेऊन रोज शाळेत येते ना? मग आधी माफी माग तिची, आणि मधोमध लाव."